षटकोनामागचा हॉवर्थ

बारावीच्या केमिस्ट्रीत बायोमॉलिक्यूल्सचा धडा असतो. त्यात ग्लुकोजची दोन चित्रं तुम्ही शंभर वेळा काढली असतील. एक उभं, शिडीसारखं, ते फिशरचं. दुसरं आडवं, सहा कोनांचं, पुढची कड जाड केलेलं, एका कोपऱ्यात ऑक्सिजन आणि वर-खाली लटकलेले ओएच. हे हॉवर्थचं. पहिल्या कार्बनवरचा ओएच खाली असेल तर अल्फा, वर असेल तर बीटा. सराव परीक्षेत हा प्रश्न आला की तुम्ही दहा सेकंदांत गोल काळा करून पुढं जाता. पुढं जावंच लागतं, वेळ नसतो. पण हा हॉवर्थ कोण, आणि त्या कोपऱ्यातला ऑक्सिजन नेमका तिथंच बसतो हे त्याला कुणी सांगितलं, हा प्रश्न कधी पडलाय का? कुणीच सांगितलं नव्हतं. उलट त्या वेळचे सगळे मोठे लोक वेगळंच सांगत होते.

वॉल्टर नॉर्मन हॉवर्थचा जन्म १९ मार्च १८८३ चा. गाव व्हाइट कॉपिस, इंग्लंडातल्या चोर्लीजवळ, लँकेशायर परगण्यात. हे तेच लँकेशायर, जिथल्या गिरण्यांकडे एकेकाळी आपल्या वऱ्हाडातल्या कापसाच्या गाठी बोटीनं जायच्या. वडील थॉमस हॉवर्थ लिनोलियमच्या कारखान्यात मॅनेजर. लिनोलियम म्हणजे जमिनीवर अंथरायचं एक जुनं आच्छादन. जवसाचं तेल घट्ट करून त्यात बुचाच्या झाडाचा भुगा आणि रंग कालवायचे आणि तो लगदा तागाच्या कापडावर दाबून बसवायचा. आपण जवसाची चटणी केली, त्यांनी जमिनी झाकल्या. असो.

पोरगा चौदा वर्षांचा झाला आणि शाळा संपली. नापास झाला म्हणून नव्हे. वडिलांच्या कारखान्यात काम शिकायचं, पुढं तेच सांभाळायचं, असं घरात ठरलेलं होतं. तो गेलाही. लिनोलियमची नक्षी कशी काढायची, माल कसा तयार होतो हे शिकला. पण नक्षीसाठी लागतात रंग, आणि रंग कशाचे बनतात हे विचारायला लागलं की माणूस रसायनशास्त्राच्या दारात जाऊन उभा राहतो. पोरगा तिथंच अडकला. त्याला आता युनिव्हर्सिटीत जायचं होतं.

घरच्यांना हे अजिबात पसंत नव्हतं. बसलेली घडी, हातातला धंदा, आणि याला पुन्हा पुस्तकं घेऊन बसायचंय! ओळखीपाळखीच्या लोकांनीही समजावून पाहिलं. त्यानं ऐकलं नाही. प्रेस्टन गावात एक खासगी शिक्षक गाठला, त्याच्याकडं ट्यूशन लावली (लातूरकरांना ट्यूशन म्हणजे काय हे वेगळं समजवायला नको) आणि राहिलेली शाळा स्वतःच्या जिद्दीवर भरून काढली. मँचेस्टर युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा पास होऊन तो १९०३ साली आत शिरला, तेव्हा विशीत होता. आज आपल्याकडं एक वर्ष रिपीट करायचं म्हटलं तरी घराचं वातावरण कसं होतं ते तुम्हाला माहीत आहे. इथं मधली सहा वर्षं कारखान्यात गेली होती.

पुढचा प्रवास मात्र झपाट्याचा. मँचेस्टरला शिकवायला विल्यम पर्किन ज्युनियर. ज्यांच्या वडिलांनी १८५६ साली पहिला कृत्रिम जांभळा रंग बनवला ते हे घराणं. १९०६ साली हॉवर्थ पहिल्या वर्गात पदवीधर झाले. मग शिष्यवृत्तीवर जर्मनीत, गटिंगेनला ऑटो वॉलाख यांच्याकडं, आणि तिथं एका वर्षात पीएचडी. परत मँचेस्टर, मग थोडे दिवस लंडनचं इम्पीरियल कॉलेज. १९१२ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज युनिव्हर्सिटीत लेक्चररची जागा मिळाली. तोवर त्यांचा विषय होता झाडांमधली सुगंधी तेलं, टर्पीन्स. सेंट अँड्र्यूजला मात्र सगळी लॅब साखरेनं चिकट झालेली होती. थॉमस पर्डी आणि जेम्स आयर्विन या दोघांनी तिथं साखरेच्या रसायनशास्त्राचं ठाणंच उभं केलं होतं. हॉवर्थ तिथं गेले आणि साखरेचे झाले ते कायमचे.

आता त्यांच्यापुढचा प्रश्न समजून घ्यायचा तर आधी स्वयंपाकघरात आणि मग गुऱ्हाळात जाऊ.

घरी साखरेचा पाक करताना आई त्यात लिंबू पिळते, हे पाहिलंय ना? नाही पिळलं तर थंड झाल्यावर पाकात पुन्हा साखरेचे खडे बसतात. लिंबाच्या आम्लानं साखरेचा रेणू तुटतो, एकाचे दोन होतात: ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. मिश्रण झालं की खडा नीट बांधला जात नाही. पाकाला जे हवं तेच गुऱ्हाळाला नको असतं. उसाचा रस मुळात थोडा आंबट असतो. तसाच काहिलीत उकळत ठेवला तर साखर तुटत जाते आणि गूळ धरत नाही, चिकट राहतो. म्हणून गुळव्या रसात चुन्याची निवळी टाकतो. साखर कारखान्यातही रसात चुना घालतात, त्याचं एक कारण हेच. म्हणजे आम्ल आणि उष्णता मिळाली की साखरेचे सांधे सुटतात, ही गोष्ट मांजरा काठच्या माणसाला पुस्तकाविना माहीत आहे.

केमिस्टांनी हेच मोठ्या रेणूंवर करून पाहिलं. १८११ च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गमध्ये किर्खहॉफ नावाच्या औषधनिर्मात्यानं स्टार्च पाण्यात घालून त्यात थोडं सल्फ्युरिक आम्ल टाकलं आणि उकळत ठेवलं. गोड पाक तयार झाला. गंमत अशी, की आम्ल होतं तेवढंच उरलं. त्यानं फक्त सांधे सोडवले, खर्च झालं नाही. १८१९ साली फ्रान्समधल्या नॅन्सी गावात ब्राकोनो यांनी लिननच्या चिंध्यांवर जोरकस आम्ल वापरलं. चिंध्यांपासूनही साखर! प्रत्येक सांधा तुटताना पाण्याचा एक रेणू आत शिरतो, त्यामुळं वजनही वाढतं. १६२ ग्रॅम स्टार्च पुरतं तुटलं तर १८० ग्रॅम ग्लुकोज मिळायला हवं. हिशेब तुम्ही करून बघा, जमेल.

आणि इथंच खरी अडचण सुरू होते. रब्बीच्या ज्वारीचं एक ताट डोळ्यांसमोर आणा. वर कणीस, खाली धांडा. कणसातल्या दाण्याची भाकरी होते, धांड्याचा कडबा होतो. भाकरी आपण खातो, कडबा बैल खातो. आपण कडबा खाल्ला तर उपाशी मरू. आता दाण्यातलं स्टार्च आणि धांड्यातलं सेल्युलोज आम्लात पुरतं उकळा. दोन्हींतून काय मिळतं? ग्लुकोज. तोच एक ग्लुकोज. एकाच विटेचा एक वाडा आणि एक बुरूज असावा तसं. मग फरक कुठं आहे? विटा कशा जोडल्यात, यात. पण आम्लानं तर जोडच मोडून टाकला. हातात उरला विटांचा ढीग, आणि ढिगाकडं बघून वाडा होता की बुरूज, हे कसं सांगणार?

यावर पर्डी आणि आयर्विन यांच्या लॅबमध्ये एक युक्ती होती, आणि हॉवर्थ यांनी ती कामाची केली. ती समजायला रंगपंचमी पुरेशी आहे.

समजा, पन्नास पोरं हातात हात घालून रांगेत उभी आहेत. त्यांच्यावर पिचकाऱ्यांनी पक्का रंग मारा. अंगाचा मोकळा भाग सगळा रंगेल, पण एकमेकांच्या हातात अडकलेले तळवे कोरे राहतील. आता रांग तोडा आणि पोरं कुठंही पांगू द्या. नंतर एकेकाचे तळवे बघितले तरी कळेल की कोणता हात शेजाऱ्याच्या हातात होता. ग्लुकोजचा मोकळा ओएच म्हणजे मोकळा हात, आणि रंग म्हणजे मिथाइल गट. आधी सगळे मोकळे ओएच मिथाइलनं झाकायचे, मग आम्लानं साखळी तोडायची. आम्ल साखरे-साखरेमधला सांधा तोडतं, पण या पक्क्या रंगाला धक्का लावत नाही. तुकडे गोळा करायचे आणि प्रत्येकावर रंग कुठं लागला नाही ते शोधायचं. तिथंच सांधा होता.

पर्डींचा रंग महाग होता: मिथाइल आयोडाइड आणि चांदीचा ऑक्साइड. शिवाय साध्या साखरेवर तो सरळ चालायचा नाही. हॉवर्थ यांनी १९१५ साली डायमिथाइल सल्फेट आणि कॉस्टिक सोडा वापरायची पद्धत काढली. स्वस्त, सोपी, आणि मोठ्या प्रमाणावर करता येणारी. (डायमिथाइल सल्फेट अत्यंत विषारी असतं. कॉलेजच्या लॅबमध्ये याचा विचारही करू नका.) या रंगाचा आणखी एक फायदा होता, ज्याकडं सहसा कुणाचं लक्ष जात नाही. साखर तापवली की जळून कोळसा होते, तिचं ऊर्ध्वपातन करता येत नाही. मिथाइल लावलेली साखर मात्र कमी दाबाखाली शांतपणे वाफ होऊन पलीकडं जमते. म्हणजे तुकड्यांचं मिश्रण वेगळं करता येतं. ज्यांनी कधी चिकट पाकातून स्फटिक काढायचा प्रयत्न केलाय, त्यांनाच या सुखाची किंमत कळेल.

मध्ये पहिलं महायुद्ध आलं. सेंट अँड्र्यूजची लॅब औषधं आणि जिवाणूंच्या तपासणीसाठी लागणाऱ्या दुर्मीळ साखरा बनवण्याला जुंपली गेली. हॉवर्थ त्या कामाच्या व्यवस्थेत होते. १९२० साली ते न्यूकॅसलच्या आर्मस्ट्राँग कॉलेजात प्रोफेसर झाले, १९२२ मध्ये व्हायोलेट डॉबी यांच्याशी लग्न झालं, आणि १९२५ साली बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीत रसायनशास्त्राचे मुख्य प्रोफेसर म्हणून गेले. चाळिशी ओलांडलेली. त्यांच्या नावावर जे काही तुम्ही शिकता ते बहुतेक सगळं यानंतरचं आहे.

बर्मिंगहॅमला त्यांनी अंगावर घेतला तो प्रश्न म्हणजे ग्लुकोजच्या कड्याचा. ग्लुकोजची साखळी स्वतःभोवती वळून कडं बनवते हे लोकांना माहीत होतं. पण कडं केवढं? तोवर सगळे मानत की पहिला कार्बन चौथ्याशी ऑक्सिजनद्वारे जोडला जातो, म्हणजे कडं पाच जणांचं. फिशरसारख्या महर्षींनी तसं लिहिलं होतं. आयर्विन तसं शिकवत होते. हॉवर्थ स्वतःही कित्येक वर्षं तेच धरून चालले होते. हे चुकीचं निघालं तर नुसतं एक चित्र बदलणार नव्हतं, ज्या लॅबनं त्यांना साखर शिकवली तिथल्या ढीगभर पेपरांतल्या आकृत्या बदलाव्या लागणार होत्या.

यात गुंता कसा होता पाहा. सेल्युलोजला रंग लावून तोडलं की जो ग्लुकोज मिळतो, त्याचे दुसरा, तिसरा आणि सहावा हे तीन हात रंगलेले असतात. कोरे राहतात चौथा आणि पाचवा. (पहिला तर आम्लानं मोकळा होतोच, त्याचा पुरावा धरता येत नाही.) म्हणजे या दोन कोऱ्या हातांपैकी एक शेजाऱ्याच्या हातात होता, आणि दुसरा स्वतःच्याच कमरेवर होता, म्हणजे कड्यात अडकलेला. पण कोणता कुठं? कमरेवर चौथा असेल तर शेजाऱ्याला पाचवा दिला. कमरेवर पाचवा असेल तर शेजाऱ्याला चौथा. कड्याचा निकाल लागल्याशिवाय साखळीचा निकाल लागणार नाही. सगळं कुलूप एका किल्लीवर येऊन थांबलं होतं.

किल्ली एडमंड हर्स्टच्या हाती लागली. हर्स्टही मूळचा लँकेशायरचाच, हॉवर्थपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आणि पुढं त्यांचा उजवा हात. त्यानं एकटा ग्लुकोज घेतला, शेजारी कुणी नसलेला. साखळी नाही, त्यामुळं कमरेवरचा सोडून सगळे हात रंगणार. मग तो नायट्रिक आम्लानं कापला. जो तुकडा उरला त्यात पाच कार्बन होते आणि मधले तिन्ही, दुसरा, तिसरा, चौथा, रंगलेले. चौथा रंगलेला! म्हणजे चौथा हात कमरेवर नव्हताच. पाचवा होता. कडं पाच जणांचं नाही, सहा जणांचं: पाच कार्बन आणि एक ऑक्सिजन. १९२६ साली ही गोष्ट पक्की झाली आणि तुमच्या वहीतला षटकोन तिथं जन्मला. या कड्याला पायरॅनोज हे नाव हॉवर्थ यांनीच दिलं. पाच जणांचं कडं मुळात नसतंच असं मात्र नाही. उसाच्या साखरेत ग्लुकोजला जोडलेला फ्रुक्टोज पाच जणांच्या कड्यात असतो, हेही याच मंडळींनी दाखवलं. त्याला फ्युरॅनोज म्हणतात.

मला विचाराल तर यापेक्षा सुंदर काम त्यांनी जोड-साखरांवर केलं. आम्ल पूर्ण चालवलं की सगळे सुटे ग्लुकोज मिळतात, पण मध्येच थांबवलं तर जोड्या मिळतात. दोन-दोन पोरं अजून हातात हात धरून. सेल्युलोजमधून मिळते ती जोडी सेलोबायोज, स्टार्चमधून मिळते ती माल्टोज. हॉवर्थ यांनी या जोडीतल्या एका ग्लुकोजचं कडं रंग लावायच्या आधीच उघडलं, सौम्य ऑक्सिडीकरणानं. कमरेवरचा हात खाली आला. मग रंग मारला: आता तो पाचवा हातही रंगला. मग आम्लानं जोडी तोडली. आता कोरा राहिला तो एकच, चौथा. शेजाऱ्याच्या हातात तोच होता, संशयाला जागा नाही. माल्टोजमध्येही चौथा, सेलोबायोजमध्येही चौथा. म्हणजे भाकरीत आणि कडब्यात ग्लुकोज एकच, आणि हात धरलेत तेही त्याच जागी. फरक फक्त एक. पहिल्या कार्बनचा सांधा एकात अल्फा, दुसऱ्यात बीटा.

तोच तुमचा दहा सेकंदांचा प्रश्न. अल्फा असला की साखळी कमानीसारखी वळत जाते, स्प्रिंग होते. आयोडीनचा थेंब टाकल्यावर स्टार्च निळंजांभळं होतं ते या स्प्रिंगेच्या पोटात आयोडीन अडकल्यामुळं. बीटा असला की प्रत्येक दुसरा ग्लुकोज उलटा बसतो, साखळी सरळ ताठ राहते, आणि अशा अनेक साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून धागा होतो. कापूस तो हाच. आपल्या पोटातली विकरं अल्फा सांधा सोडवतात, बीटाला त्यांचा हात लागत नाही. बैलाच्या पोटातही स्वतःची तशी विकरं नाहीत. त्याच्या पोटात राहणारे सूक्ष्मजीव ते काम करून देतात.

मग प्रश्न आला लांबीचा. रांगेच्या टोकाला उभ्या पोराचा एक हात कुणीच धरलेला नसतो, त्यामुळं त्याचा एक तळवा जास्त रंगतो. म्हणजे सगळी पोरं पांगल्यावर असे जास्त रंगलेले किती आहेत ते मोजलं की रांगा किती लांब होत्या हे कळेल. १९३२ साली हॉवर्थ आणि माखेमर यांनी सेल्युलोजवर हे केलं आणि उत्तर काढलं, एका साखळीत शंभर ते दोनशे ग्लुकोज. हे उत्तर फारच कमी होतं. कापसातली साखळी हजारांत असते. रंग लावण्याच्या त्या खटाटोपातच लांब साखळ्या मध्ये-मध्ये तुटत होत्या आणि नवी टोकं तयार होत होती.

स्टार्चमध्ये तर आणखी मजा झाली. दर चोवीस ते तीस ग्लुकोजमागं एक टोक सापडायला लागलं. पण स्टार्चचा रेणू प्रचंड मोठा आहे हे इतर मार्गांनी दिसत होतं. एवढा मोठा रेणू आणि एवढी टोकं? एकाच अटीवर शक्य आहे: रांगेला फाटे फुटले असतील तर. जिथं फाटा, तिथल्या पोराचे दोन्ही हात आणि वर एक पाय अडकलेला, म्हणून त्याच्यावर रंग कमी. असे कमी रंगलेले ग्लुकोजही तुकड्यांत सापडत होतेच. हॉवर्थ आणि हर्स्ट यांनी १९३७ साली एक आराखडा मांडला, आखूड साखळ्या एकीला एक थराथरानं जोडलेल्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. तीन वर्षांनी जिनिव्हाच्या कर्ट मेयर यांनी झाडासारखा, फांद्यांना फांद्या फुटणारा आराखडा मांडला, आणि टिकला तो मेयर यांचा. फांद्या आहेत हे बर्मिंगहॅमच्या आकड्यांनी दाखवलं, झाड मात्र दुसऱ्यानं पाहिलं. नोबेल मिळालेल्या माणसाचं सगळंच बरोबर निघतं असं थोडंच आहे.

नोबेलचं आलंच तर व्हिटॅमिन सीची गोष्ट. हंगेरीचे सेंट-ग्योर्गी यांनी गुरांच्या ॲड्रिनल ग्रंथींमधून एक पांढरा पदार्थ काढला होता. त्याचा साखरेशी काही तरी संबंध होता, पण काय ते कळेना. नावासाठी त्यांनी, मला माहीत नाही अशा अर्थाचं एक साखरेचं गमतीदार नाव संपादकांकडं पाठवलं, ते नाकारल्यावर देवालाच माहीत अशा अर्थाचं दुसरं पाठवलं. तेही नाकारलं गेलं. नमुना त्यांनी हॉवर्थ यांना दिला. पण तो इतका थोडा होता की रचना काढायला पुरेना. मग सेंट-ग्योर्गी राहत त्या सेगेद गावाच्या खास पिकानं काम केलं: पॅप्रिका, म्हणजे आपल्या मिरचीचीच बहीण. त्यातून हा पदार्थ किलोनं मिळाला. बर्मिंगहॅमला पुन्हा तोच रंग, तीच मोडतोड, आणि १९३३ पर्यंत हॉवर्थ, हर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रचनाही काढली आणि पदार्थ लॅबमध्ये तयारही केला. स्कर्व्ही बरा करणारा म्हणून नाव पडलं ॲस्कॉर्बिक ॲसिड. जवळजवळ त्याच वेळी झुरिकमध्ये राइखश्टाइन यांनीही तो बनवला, आणि कारखान्यात पुढं त्यांची पद्धत चालली. मेडिकलवरच्या व्हिटॅमिन सीच्या स्वस्त गोळ्यांची वाट इथून सुरू होते. १९३७ चं रसायनशास्त्राचं नोबेल हॉवर्थ आणि स्वित्झर्लंडचे पॉल कारर यांना विभागून मिळालं. वैद्यकशास्त्राचं त्याच वर्षी सेंट-ग्योर्गींना.

दुसऱ्या महायुद्धात याच माणसाला सरकारनं अणुबॉम्बच्या ब्रिटिश कामात घेतलं. शुद्ध युरेनियम आणि युरेनियम हेक्झाफ्लोराइड तयार करण्याच्या रसायनाची जबाबदारी त्यांच्याकडं होती. त्यांच्या चरित्रात हा भाग सहसा दोन ओळींत उरकतात. त्याच काळात त्यांच्याच विभागात मॉरिस स्टेसी डेक्स्ट्रानवर काम करत होते. सलाइनसारखी रक्तद्रवाच्या जागी देता येते ती साखरेची साखळी. ऊस तोडून शिळा होऊ दिला की रसाला जो बुळबुळीतपणा येतो, तो जिवाणूंनी बनवलेल्या याच डेक्स्ट्रानचा. साखर कारखान्याचा शत्रू, जखमी सैनिकाचा मित्र.

१९४८ साली हॉवर्थ निवृत्त झाले. त्या सुमारास सर ही पदवीही मिळाली. १९ मार्च १९५० रोजी, सदुसष्टाव्या वाढदिवशी, हृदयविकाराच्या झटक्यानं ते अचानक गेले.

हर्स्ट तोवर एडिंबरोला प्रोफेसर झाले होते. तिथं त्यांनी डिंक हाती घेतला. डिंक म्हणजे स्टार्चसारखा एकाच विटेचा नव्हे; पाच-सहा जातींच्या साखरा, फाट्यांना फाटे, भलतं गुंतागुंतीचं प्रकरण. १९५५ साली त्यांनी ॲस्पिनॉल आणि विकस्ट्रॉम यांच्यासोबत जो डिंक आम्लात उकळला, तो भारतातून येणारा घट्टी डिंक होता. हे नाव घाटावरून पडलं असं सांगतात. घाट उतरून बंदरावर येणारा माल म्हणून. आपल्याकडं त्याला धावड्याचा डिंक म्हणतात. थंडीत घरी डिंकाचे लाडू होतात, तळल्यावर टरारून फुलतो तो बऱ्याच घरांत हाच. सौम्य आम्ल लावलं की आधी बाहेरच्या बाजूची अरॅबिनोज साखर गळते, कारण तिचं कडं पाच जणांचं आणि तिचा सांधा हलका असतो. मग गॅलॅक्टोज, मॅनोज, झायलोज. आणि कितीही उकळलं तरी शेवटी काही जोड्या सुटायला तयार होत नाहीत: ग्लुक्युरॉनिक ॲसिडनं शेजारच्या साखरेचा हात घट्ट धरलेला असतो. एका जोडीत तो शेजारी गॅलॅक्टोज निघाला, दुसरीत मॅनोज. आम्लाला न तुटलेल्या त्या जोड्यांनीच डिंकाच्या गाभ्यात कोण कुणाशेजारी बसलंय ते सांगितलं.